पाहुण्यांची पहिली फेरी

सकाळी हायवेने पिंपळगाव बसवंतकडे जाणाऱ्या काही लोकांनी आमच्या पार्कातली मोठी गाडी भरून जाताना नक्की पाहिली असणार. तिकिटावर तिला रोलर कोस्टर म्हटलेलं होतं आणि पुढे एक भयंकर इंग्रजी विशेषण होतं, पण आम्ही कामाला असलेले सगळे तिला गाडीच म्हणायचो. पार्क उघडायला तेव्हा बराच अवकाश असायचा. तरी गाडीत टोप्या घातलेली, ओढण्या गुंडाळलेली, गॉगल लावलेली मंडळी ओळीने बसलेली दिसायची. साखळी त्यांना कडकड करत वर न्यायची, टोकावर क्षणभर थांबवायची आणि सोडून द्यायची. एवढ्या उंचीवरून कोसळताना त्यांतलं एकही जण ओरडायचं नाही. पार्काला लागून झेंडूचे मळे आहेत. तिथे फुलं तोडायला येणाऱ्या बायका तेवढा वेळ गाडीकडे पाठ करून काम करायच्या.

ती मंडळी म्हणजे आक्कांचे पाहुणे.

मी नोकरीला लागले तेव्हा आक्का त्या गाडीच्या सुपरवायझर होत्या. रोज सकाळी माणसं बसवायच्या आधी गाडी वजन घालून फिरवून बघावी लागते. त्यासाठी निळ्या प्लॅस्टिकचे बाहुले असतात. डोकं आणि धड, बस्स. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. पोटात पाणी भरायचं, बूच लावायचं, सीटवर ठेवायचं आणि वरून लोखंडी दांडा ओढायचा. दुसऱ्या राईडवरची पोरं त्यांना ड्रम म्हणायची आणि ड्रमसारखीच आदळायची. आक्कांनी मात्र आपल्या बाहुल्यांना कपडे चढवले होते. गाडी कोसळताना रोज काहीबाही उडायचं, कुणाची टोपी, कुणाचा स्कार्फ, कुणाचा चष्मा. बराच काळ कुणी न्यायला आलं नाही की ती वस्तू एखाद्या पाहुण्याच्या अंगावर जायची.

"हे कशासाठी?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"उघड्यानं बसवायचं का पाहुण्याला?" त्या म्हणाल्या. मग लाल टोपीवाल्या बाहुल्याकडे वळून, "तुम्ही काल मागं बसले होते ना? आज पुढं बसा."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही, कारण आक्का उत्तराची वाट बघितल्यासारख्या थांबल्या आणि मग मान हलवून पुढच्याकडे गेल्या.

अंगाने सुकलेल्या, ठेंगण्या. साडीवर पार्कचा निळा शर्ट, डोक्याला हिरवा स्कार्फ. पूर्वी पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये होत्या, तिथली बोटांची सवय अजून होती. बोलता बोलता समोर येईल ते बोटांनी चाचपून, फिरवून बघायच्या. चालताना एक तळवा कायम भिंतीला लावलेला. भिंत संपली तर कठडा, कठडा संपला तर शेजारच्याचा खांदा, आणि काहीच नसेल तर स्वतःचंच कोपर घट्ट धरायच्या. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. आम्ही सगळे कॅन्टीनच्या खुर्च्यांवर आणि आक्का खाली फरशीवर, डबा मांडीपुढे. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "खुर्चीखाली पोकळ असतंय."

हे वाक्य मी तेव्हा गमतीने घरी फोनवर सांगितलं होतं. आता एकटी असले की ते मला नको तेव्हा आठवतं.

सगळ्यात मोठा घोळ उड्डाणपुलाचा होता. आम्हाला शहरातून आणणारी पार्कची व्हॅन नाशिकच्या त्या लांबलचक पुलावरून यायची. पूल सुरू व्हायच्या आधी आक्का उतरायच्या आणि खालच्या रस्त्याने शेअर रिक्षाने यायच्या. त्यासाठी आमच्या आधी घर सोडायच्या आणि आमच्यानंतर पोचायच्या. मॅनेजर नवा होता तेव्हा त्याने एकदा समजूत घालायचा प्रयत्न केला.

"आक्का, एवढे ट्रक जातात रोज. पुलाला काही होत नाही."

"पुलाला नाय होत, साहेब," आक्का म्हणाल्या. मॅनेजरने पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि अशी बाई दिवसभर लोकांना शहरातल्या सगळ्यात उंच गाडीत बसवायची. घाबरलेलं माणूस त्यांना लांबून ओळखू यायचं. रांगेत बडबड करणाऱ्याकडे त्या बघायच्याही नाहीत. जो गप्प झालाय, ज्याने बायकोची पर्स धरून ठेवण्याचं काम अंगावर घेतलंय, त्याच्याजवळ जाऊन हळू विचारायच्या, "भ्या वाटतंय? वाटू द्या. भीतीला शेजारी बसवा आन् दांडा नीट ओढा." माणूस हसायचा आणि बसायचा. परत येताना त्याचा चेहरा धुतल्यासारखा व्हायचा. स्वतः आक्का मात्र गाडीत कधी बसल्या नव्हत्या. पाहुण्यांसोबतही नाही.

लोक त्यावर विनोद करायचे. मीही केलेत. पण त्यात विनोद नव्हता, कारण आक्कांना एकच मुलगी होती आणि ती पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहायची. आक्का तिच्या घरात एकदाही गेल्या नव्हत्या. नातीच्या बारशाला त्या नवी साडी नेसून खाली पार्किंगमध्ये बसून राहिल्या. वर पाळणा हलला, नाव ठेवलं गेलं, मग जावयाने बाळ खाली आणून त्यांच्या मांडीवर दिलं. मुलगी खाली आली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, "रोज अख्ख्या नाशिकला वर पाठवते आणि माझं घर तेवढं हिला उंच वाटतं." आक्कांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं, मुलीचा आवाज काढून. सांगताना दोन्ही तळवे फरशीला टेकवलेले होते.

आता माझं. मी कळवणची. लहानपणी यात्रेत आकाशपाळण्याच्या अगदी टोकाला असताना जनरेटर बंद पडला आणि पाळणा थांबला. मी एकटीच होते. खाली माणसं हसत होती, कुणाला तरी हाका मारत होती, आणि मला आवाज फुटत नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. तेव्हापासून मला साधी गच्ची चालत नाही. नोकरीच्या मुलाखतीत "उंचीची भीती वाटते का?" असं विचारलं, तर मी "छे" म्हणून मोकळी झाले. पुढे कळलं की गाडीवर काम करायचं तर आधी स्वतः एकदा बसून यावं लागतं. नाहीतर नोकरी पक्की होत नाही. मी आजारपण काढलं, पाळी काढली, एकदा तर चुलत आजोबांना मारलं. शेवटी आक्काच म्हणाल्या, "पोरी, उद्या लवकर ये. तुझा पाहुणा तू भर."

सकाळी त्यांनी मला एक कोरा बाहुला दिला. पाणी मी माझ्या हाताने भरायचं, बूच मी लावायचं. मग म्हणाल्या, अंगावरचं काहीतरी दे. मी केसांचा रुमाल सोडून दिला. त्यांनी तो बाहुल्याच्या डोक्याला बांधला, निरखून पाहिलं आणि त्याच्याशी नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत. त्याला माझ्या शेजारी बसवलं, दांडा ओढला. मागे बाकीचे पाहुणे होतेच. "डोळे मिट नायतर उघडे ठेव," त्या म्हणाल्या, "पण ती काय म्हणाली तर ओ देऊ नको."

"कोण ती?"

आक्का खालच्या केबिनकडे निघून गेल्या होत्या.

वर जाताना मी डोळे मिटले. मागच्या बाहुल्यांच्या पोटात पाणी डुचमळत होतं, साखळीची कडकड सोडली तर तेवढाच आवाज. टोकाला गाडी थांबली आणि ते डुचमळणंही थांबलं. मग माझ्या हातात कुणीतरी हात दिला. लहान हात, गार आणि ओला. माझ्याच त्या दिवशीसारखा, काही न बोलता घट्ट धरलेला. गाडी सुटली. खाली येईपर्यंत तो हात सुटला नाही आणि मी ओ दिली नाही. मी ओरडलेही नाही. गाडी लागली तेव्हा डोळे उघडले, तर शेजारी माझा रुमाल बांधलेला निळा बाहुला आणि माझा तळवा ओलागच्च.

"बूच गळत असंल," मी म्हटलं.

आक्कांनी बूच बघितलं. कोरडं होतं. "त्याला हात नाय, पोरी," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम कामाच्या आवाजात, "आता हे पाणी तिठ्यावर टाकून ये. मागं वळून बघायचं नाय."

आमच्या गेटबाहेर पार्कचा रस्ता, सर्व्हिस रोड आणि मळ्यांकडे जाणारी वाट असे तिन्ही रस्ते एकत्र येतात, तो तिठा. उतारा कसा टाकतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरी नारळ, लिंबू, दहीभात सगळे प्रकार झालेत. तिठ्यावर ठेवायचं, मागे न बघता यायचं, आणि दुसऱ्याने टाकलेलं असेल तर ओलांडायचं नाही, कारण ओलांडणाऱ्याला ते लागतं. मी पाणी ओतलं आणि निघाले. गेटपर्यंत सरळ आले. अंग इतकं हलकं झालं होतं की मला माझाच विश्वास बसेना, आणि त्या आनंदात मी मागे वळून बघितलं.

आक्का तिठ्यावर उभ्या होत्या. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. साडी किंचित वर धरून त्या माझ्या पाण्यातून चालत गेल्या, सावकाश, एक एक पाऊल बुडवून. पलीकडे पोचल्यावर धरायला काही नव्हतं म्हणून स्वतःचं कोपर धरून उभ्या राहिल्या.

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. काहीतरी चोरलं जावं तसा. संध्याकाळी फरशीवर त्यांच्या शेजारी बसून मी जाब विचारला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. आधी त्याही पाणी तसंच सोडून यायच्या, म्हणाल्या. एकदा झेंडूवाल्यांची सून डोक्यावर पाटी घेऊन त्यातून गेली. तिला बिचारीला काय ठाऊक. पुढे ती विहिरीच्या काठाला जाईना, मग ओट्यावरून उतरेना, मग माहेरी गेली ती आलीच नाही.

"कुणाचा ना कुणाचा पाय पडणारच," आक्का म्हणाल्या. "मंग माझाच पडू दे."

"आणि चपला?"

"चपलेनं तुडवलं तर चपलेला लागतं. उद्या ती चप्पल कोण घालंल, सांगता येतं का?"

त्या दिवशी मला त्यांची भिंत, त्यांची फरशी, तो पूल, सगळं एका फटक्यात कळलं. किती जणांच्या भीत्या होत्या त्यांच्यात, देव जाणे. माझ्यासारखी नवी मुलं तर होतीच, पण रांगेतली माणसंसुद्धा सीटवर काहीतरी सोडून जातात आणि सकाळी पाहुणे ते घेऊन येतात, असं त्या मानायच्या. "टोपी उडती तवा एकटी नाय उडत," हे त्यांचं आवडतं वाक्य. रोज फेरी झाली की पाहुण्यांची पोटं त्या स्वतः रिकामी करायच्या आणि बादल्या घेऊन तिठ्यावर जायच्या. आम्हाला वाटायचं, म्हातारी धूळ बसवायला पाणी मारते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मनाचं असतं. मीही म्हणते, दिवसा, माणसांत असताना.

आक्कांची निवृत्ती जवळ आली तशी त्या बोलायच्या कमी झाल्या. गुडघे गेले होते, कमी दिसायला लागलं होतं, पंचवटीतल्या खोलीत एकटीने राहणं जमण्यासारखं नव्हतं. मुलीने राग गिळून सांगितलं होतं, माझ्याकडे ये. नात चालायला लागली होती. आक्का एका रविवारी गेल्या आणि लिफ्टच्या दारातून परत आल्या. सोमवारी मी त्यांना विचारलं, "मग आता?"

"आता काय. जिन्याखाली माझी खाट टाक म्हटलं तिला. रडली."

मी म्हटलं, तुमचा पाहुणा भरू. त्यांनी मान हलवली. पुन्हा दुसऱ्या दिवशी म्हटलं, तिसऱ्या दिवशी म्हटलं. शेवटी त्या चिडल्या. "माझ्यात माझी एकटीची हाय का? ते पाणी टाकशील कुठं? कालव्यात टाकशील तर मळ्यात जाईल. तिठ्यावर टाकशील तर कुणाचा पाय पडंल."

"मी राखण करीन. सुकेपर्यंत तिथून हलणार नाही. कुणाला जवळ येऊ देणार नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. "पाय घालणार नाय तू. शपथ घे."

मी शपथ घेतली. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी आक्कांनी आपला पाहुणा भरला आणि हिरवा स्कार्फ सोडून त्याला बांधला. त्यांचे पांढरे केस मी पहिल्यांदाच पाहिले. चार पायऱ्या चढायला त्यांना एवढा वेळ लागला की ऊन प्लॅटफॉर्मवर आलं. शेवटच्या रांगेत त्या आणि शेजारी तो. बाकीच्या सीट आम्ही रिकाम्या ठेवल्या. मी खालच्या केबिनमध्ये गेले आणि बटण दाबलं.

साखळी त्यांना वर नेत होती आणि मी मान वर करून बघत होते. दोन डोकी, एक पांढरं, एक हिरवं. टोकाला गाडी थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली असं मला वाटलं. तेवढ्यात हिरवं डोकं पांढऱ्याकडे वळलं. बाहुल्यांची मान वळत नाही, ते एकसंध असतात. पांढरं डोकं समोरच होतं, ताठ. मग गाडी सुटली.

खाली आल्यावर आक्कांनी स्वतःच दांडा वर ढकलला. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. "लय लांबवर दिसतं गं," त्या म्हणाल्या. "पाथर्डी फाटा कुठल्या अंगाला येतो?" मी हात करून दाखवलं. प्लॅटफॉर्मच्या मध्यावर, काहीही न धरता उभ्या राहून त्या तिकडे बघत राहिल्या. मी आयुष्यात इतकी खूष क्वचितच झाले असेन.

नियमाप्रमाणे पाणी त्यांनीच तिठ्यावर ओतलं. मी बाहुला धरायला होते. ओतता ओतता हात भरून आले. त्या निळ्या पोटात मावतं त्याहून कितीतरी जास्त पाणी त्यातून आलं. आक्कांच्या पायांत चपला होत्या. वळल्या आणि सरळ चालत गेटमधून आत गेल्या, मागे न बघता.

मी राखण करत उभी राहिले. एप्रिलचं ऊन होतं, डांबर मऊ पडावं असं. सर्व्हिस रोडवर शिंपडलेलं पाणी बघता बघता उडून जातं. हे उडेना. दोन टेम्पो मी पलीकडून काढले, एका दुचाकीवाल्याला हटकलं, तो मला वेडी म्हणून गेला. ऊन डोक्यावर आलं तरी डबकं तेवढंच होतं, काठसुद्धा आत सरकला नव्हता. त्यात आभाळ दिसायला हवं होतं. मी वाकून बघितलं तर आभाळ खूप खाली होतं, विहिरीत दिसतं तेवढं खाली, आणि मी झटकन मागे सरकले.

तेवढ्यात शाळेची सहलीची बस आली. आत पार्किंग भरलं होतं म्हणून ड्रायव्हरने ती तिठ्यावरच लावली. मी ओरडले, हात केले, पण दार उघडल्यावर सहलीची पोरं कुणाचं ऐकतात. पहिली उतरली ती दोन वेण्यांची एक मुलगी. उन्हात चमकणारं पाणी बघून तिचा चेहरा खुलला आणि उडी मारण्यासाठी तिने दोन्ही पाय जुळवले.

मी चपला काढल्या.

पाणी गार होतं. मी त्यातून सावकाश, एक एक पाऊल बुडवत गेले, आक्कांना बघितलं होतं तशी. पलीकडे पोचून मागे बघितलं तर रस्ता कोरडा ठणठणीत होता. ती मुलगी हिरमुसून उभी होती. तिच्या बाईंनी तिला ओळीत ओढलं.

त्यानंतर वर्ष होत आलं. आता गाडीवर मी असते, खालच्या केबिनमध्ये. बाहुले अजून भरावे लागतात, पण त्यांचं पाणी मी नळाखालच्या पिंपात साठवते, झाकण लावून. पिंपं वाढत चालली आहेत. मॅनेजर विचारतो, मी बागेला लागेल म्हणून सांगते.

गेल्या रविवारी आक्कांच्या नातीचा वाढदिवस होता. आक्का आता लेकीकडेच, नवव्या मजल्यावर राहतात. मी खालच्या रस्त्याने रिक्षा करून पोचले. इमारतीखाली उभी राहून वर बघायचं टाळत मी फोन केला.

"आलीस? ये की वर," आक्का म्हणाल्या. आवाजात लोकांची गडबड, भांडी, हसणं. "गॅलरीत ये म्हंजे दाखवते, इथनं आपली गाडी दिसती."

"आक्का, मला जरा घाई आहे. तुम्हीच या खाली, भेटवस्तू देते आणि निघते."

त्यांनी फोन ठेवला. मग लिफ्टचं दार उघडलं आणि आक्का बाहेर आल्या. अंग भरलं होतं, गालांवर रंग आला होता, हात मोकळे सोडून चालत होत्या. हसत हसत आल्या आणि मध्येच थांबल्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. पार्किंगच्या खांबाला माझा तळवा टेकलेला होता. मी काढायला हवा होता, पण निघाला नाही.

"सुकलं होतं ना ते?" त्यांनी विचारलं.

"सुकलं."

"कवा?"

मी भेटवस्तूची पिशवी पुढे केली. आक्कांचा चेहरा म्हातारा झाला. "मागं बघायचं नाय म्हणून बघितलं नाय मी," त्या म्हणाल्या. "उद्या येते सकाळी. तुझा पाहुणा भरून ठेव."

"नको," मी म्हटलं. "मग तुम्ही परत इथे खाली बसाल. मला खाली बरं वाटतं, आक्का." ते खोटं होतं, आणि मला फार भीती वाटत होती, खांबाचीसुद्धा.

 आक्का फोन काढून मुलीला म्हणाल्या, "सगळे खाली या. केक घेऊन या. का ते नको विचारू, ये." त्यांनी पदर सावरला आणि माझ्या शेजारी फरशीवर बसल्या. मीही खांबाला धरून खाली बसले. मुलगी आली, जावई आला, नात फ्रॉक फडफडवत आली, मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली. आक्कांनी मला केकचा मोठा तुकडा दिला आणि दुसरा हात खांबावरून काढ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मी एकाच हाताने खाल्ला.